हिमोग्लोबिनचा शोध: केंब्रिजचा जीवरसायनशास्त्रज्ञ आणि परळची प्रयोगशाळा

प्रतिनिधी, पनवेल

पनवेलमधील कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबमधून रक्ताचा अहवाल आणला की त्यात बहुधा पहिला आकडा असतो तो हिमोग्लोबिनचा. तो बारा-तेरा असला की आपण निश्चिंत होतो. नऊ-दहा असला की डॉक्टर लोहाच्या गोळ्या लिहून देतात आणि घरची मंडळी पालेभाज्या, खजूर, गूळ यांचा आग्रह सुरू करतात. मात्र हा आकडा हिमोग्लोबिन किती आहे एवढेच सांगतो, ते कोणत्या प्रकारचे आहे हे सांगत नाही. किती आणि कोणते या दोन प्रश्नांमधील फरक ओळखण्यात जगभरातील जीवरसायनशास्त्रज्ञांची अर्धी शतकी कारकीर्द खर्ची पडली. या संशोधनाचा एक धागा थेट आपल्या पनवेल तालुक्यातील खारघरपर्यंत येऊन पोहोचतो, याची कल्पना मात्र फार थोड्यांना आहे.

खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही कर्करोग उपचार व संशोधन संस्था आहे. तिच्या आवारातील एका इमारतीचे नाव 'खानोलकर शोधिका' असे आहे. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे हे स्मारक होय. खानोलकर हे १९५२ मध्ये परळ येथे सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संस्थापक संचालक होते. हेच केंद्र पुढे कर्करोग संशोधन संस्था या नावाने टाटा स्मारक केंद्रात विलीन झाले आणि २००२ मध्ये परळहून खारघरला स्थलांतरित झाले. कर्करोगासाठी स्थापन झालेल्या या केंद्रात मानवी विविधतेचा अभ्यास करणारा एक छोटा विभाग होता. डॉ. एल. डी. संघवी आणि पी. के. सुकुमारन हे त्या विभागातील संशोधक. पश्चिम भारतातील माणसांच्या रक्तात कोणकोणत्या प्रकारचे हिमोग्लोबिन आढळते, याचा पद्धतशीर शोध त्यांनी घेतला. त्यांच्या कामाला इंग्लंडहून साथ लाभली ती हर्मन लेहमन या जीवरसायनशास्त्रज्ञाची.

रेणूची रचना

लेहमन यांच्या कारकिर्दीकडे वळण्यापूर्वी हिमोग्लोबिन म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. रक्ताला तांबडा रंग देणारे हे प्रथिन तांबड्या पेशींमध्ये ठासून भरलेले असते. एका पेशीत त्याचे सुमारे सत्तावीस कोटी रेणू असतात. प्रौढ माणसातील हिमोग्लोबिनचा प्रत्येक रेणू चार साखळ्यांचा बनलेला असतो; दोन 'अल्फा' आणि दोन 'बीटा'. अल्फा साखळीत १४१ आणि बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले एकापुढे एक गुंफलेली असतात. म्हणजे संपूर्ण रेणूत ५७४ अमिनो आम्ले झाली. प्रत्येक साखळीच्या घडीत 'हीम' नावाचा लोहयुक्त घटक बसलेला असतो आणि त्यातील लोहाच्या अणूला प्राणवायू चिकटतो. एक रेणू अशा रीतीने प्राणवायूचे चार रेणू वाहून नेतो.

फुप्फुसात प्राणवायू पकडणे आणि स्नायूंमध्ये तो सोडून देणे ही दोन परस्परविरोधी कामे हिमोग्लोबिनला करावी लागतात. नुसते घट्ट धरून ठेवणारे प्रथिन त्यासाठी उपयोगाचे नाही. प्राणवायूचा पहिला रेणू चिकटला की चारही साखळ्यांची परस्परांतील ठेवण किंचित बदलते आणि पुढच्या रेणूंना चिकटणे सोपे जाते. उलट दिशेने, स्नायूंमध्ये एक रेणू सुटला की बाकीचेही सहज सुटू लागतात. जुन्या वाड्याच्या घडीच्या दाराची पहिली फळी सरकवायला जोर लागतो, पण ती सरकली की उरलेल्या फळ्या आपोआप मोकळ्या होतात, तसाच हा प्रकार आहे. केंब्रिज येथील मॅक्स पेरुत्झ यांनी हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडून ही रचना उलगडली. १९३७ मध्ये हाती घेतलेल्या या कामाला पहिले ठोस यश मिळायला १९५९ साल उजाडले. त्याबद्दल जॉन केंड्र्यू यांच्यासमवेत त्यांना १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेरुत्झ यांनी निरोगी रेणूचा नकाशा तयार केला. त्या नकाशातील बिघाडांची नोंद ठेवण्याचे काम लेहमन यांनी आयुष्यभर केले.

जर्मनी ते केंब्रिज, भारतमार्गे

हर्मन लेहमन यांचा जन्म १९१० मध्ये जर्मनीतील हाले या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. वैद्यकाची पदवी त्यांनी स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठातून १९३४ मध्ये घेतली. हायडेलबर्ग येथे नोबेल विजेते ऑटो मायरहोफ यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी स्नायूंच्या रसायनावर काम केले.  हिटलरच्या राजवटीत ज्यू शास्त्रज्ञांना जर्मनीत थारा उरला नव्हता. लेहमन यांनी केंब्रिज गाठले. पेरुत्झ हेही व्हिएन्नाहून तेथे आलेले होते. परागंदा झालेल्या या दोन शास्त्रज्ञांची नावे पुढे हिमोग्लोबिनच्या इतिहासात एकत्र यायची होती.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय दलातून लेहमन यांना भारतात पाठविण्यात आले. भारतात आणि युद्धानंतर युगांडात त्यांचा संबंध रक्तक्षयाच्या रुग्णांशी आला. स्नायूंच्या रसायनात रमलेला हा संशोधक रक्ताकडे वळला तो या अनुभवानंतर. इंग्लंडला परतल्यावर लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात आणि १९६३ पासून केंब्रिजमध्ये त्यांनी असामान्य हिमोग्लोबिनच्या अभ्यासालाच वाहून घेतले. त्यांच्याकडे जगभरातून रक्ताचे नमुने येत. एखाद्या दूरच्या रुग्णालयातील डॉक्टरला रुग्णाचे हिमोग्लोबिन वेगळे वाटले की नमुना लेहमन यांच्याकडे जाई. तेथे त्याचे तुकडे करून ५७४ अमिनो आम्लांपैकी नेमके कोणते बदलले आहे ते शोधले जाई. १९७२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९८५ मध्ये केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.

एका अमिनो आम्लाचा बदल

लेहमन यांनी हे काम हाती घेतले तो काळ या विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा होता. सिकलसेल या आजारात तांबड्या पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकड्या होतात, हे विसाव्या शतकाच्या आरंभीच माहीत झाले होते. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निराळ्या गतीने सरकते. याचाच अर्थ, आजाराचे मूळ पेशीत नसून एका रेणूत होते. १९५६ मध्ये केंब्रिज येथे पेरुत्झ यांच्याच विभागात काम करणाऱ्या व्हर्नन इनग्रॅम यांनी तो फरक नेमका शोधला. बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेले होते. १४६ पैकी केवळ एक अमिनो आम्ल बदललेले होते. एखादा आनुवंशिक आजार रेणूच्या पातळीवर इतक्या नेमकेपणाने उलगडला गेल्याची ही पहिलीच घटना होती.

तोवर सिकलसेल हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचाच आजार आहे, असा सर्वसाधारण समज होता. लेहमन आणि मेरी कटबुश यांनी १९५२ मध्ये दक्षिण भारतातील निलगिरी भागातील आदिवासींमध्ये सिकलसेलचे वाहक आढळल्याचे प्रसिद्ध केले आणि या समजाला तडा गेला. आसामातील चहामळ्यांच्या मजुरांमध्येही त्याच वर्षी तो आढळला. हा दोष भारतात आणखी कोठे कोठे आहे, हा प्रश्न आता उभा राहिला होता.

परळचे योगदान

परळमधील संघवी आणि सुकुमारन यांच्या कामाचे महत्त्व येथे ध्यानात येते. संघवी यांनी खानोलकर यांच्याबरोबर मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजगटांची सात आनुवंशिक लक्षणांच्या आधारे तुलना १९५० च्या सुमारासच केली होती. जातीअंतर्गत विवाहाची शतकानुशतकांची प्रथा रक्तातही काही ठसा उमटवते काय, हे तपासण्याचा तो आपल्याकडचा एक आरंभीचा शास्त्रीय प्रयत्न होता. हिमोग्लोबिनचा अभ्यास ही त्याच विचाराची पुढची पायरी होती. ज्या समाजात विवाह मर्यादित वर्तुळातच होतात, तेथे एखादा आनुवंशिक दोष त्याच वर्तुळात फिरत राहतो. म्हणून असा दोष कोणत्या समाजात आहे हे माहीत असणे ही वैद्यकीय गरज ठरते.

सुकुमारन, संघवी आणि जी. एन. व्यास यांनी १९५६ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात पश्चिम भारतातील काही आदिवासी जमातींमध्ये सिकलसेलचे वाहक आढळल्याची माहिती प्रसिद्ध केली. केंब्रिजमध्ये इनग्रॅम यांनी त्या दोषाचे रासायनिक स्वरूप शोधले तेही याच वर्षी. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलच्या वाहकांविषयीचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्यापुढील एका मोठ्या प्रश्नाची शास्त्रीय नोंद अशा प्रकारे पन्नाशीच्या दशकातच झालेली होती.

हे काम कसे चालत असे याची कल्पना आजच्या स्वयंचलित यंत्रांच्या काळात येणे कठीण आहे. सिकलसेलसाठी बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर ठेवून त्यातील प्राणवायू रसायनाच्या साहाय्याने काढून घेतला जाई आणि पेशी विळ्यासारख्या होतात का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जाई. ही चाचणी खेड्यापाड्यांतही करता येत असे. हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखण्यासाठी मात्र ओलसर कागदाच्या पट्टीवर रक्ताचा अर्क ठेवून तीतून विद्युतप्रवाह सोडावा लागे. काही तासांनी तांबडे पट्टे कागदावर वेगवेगळ्या अंतरावर सरकलेले दिसत. नेहमीच्या हिमोग्लोबिनचा पट्टा एका ठराविक जागी येई. सिकलसेलचा पट्टा त्याच्या मागे रेंगाळे. एखादा पट्टा नेहमीच्या हिमोग्लोबिनच्याही पुढे गेला तर काही तरी नवे हाती लागले, असे समजावे.

असाच पुढे धावणारा पट्टा परळच्या संशोधकांना दोन भारतीय महिलांच्या रक्तात आढळला. ते 'हिमोग्लोबिन जे' होते. त्यांपैकी एका महिलेत त्याच्या जोडीला थॅलेसेमियाचा दोषही होता. संघवी, सुकुमारन आणि लेहमन या तिघांच्या नावाने हा निबंध १९५८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला.

अक्षरे संपली, गावे आली

येथे हिमोग्लोबिनच्या नावांविषयी थोडे सांगायला हवे. प्रौढांचे नेहमीचे हिमोग्लोबिन 'ए', गर्भातील 'एफ', सिकलसेलचे 'एस'. त्यापुढे सी, डी, ई अशी इंग्रजी अक्षरे देण्यात आली. नवनवे प्रकार इतक्या वेगाने सापडू लागले की अक्षरे पुरेनात. तेव्हा ज्या ठिकाणच्या व्यक्तीत तो प्रकार आढळला त्या स्थानाचे नाव देण्याचा प्रघात पडला. त्यातून गमतीही झाल्या. 'डी पंजाब' आणि 'डी लॉस एंजलिस' ही नावे दोन खंडांतली, पण रासायनिक तपासणीत दोन्ही एकच निघाली. आज हिमोग्लोबिनच्या हजाराहून अधिक प्रकारांची नोंद झालेली आहे. त्यातले बहुतेक निरुपद्रवी आहेत.

या यादीत एक नाव आपल्या देशाचे आहे, 'हिमोग्लोबिन क्यू इंडिया'. सुकुमारन, एस. एम. मर्चंट, एम. पी. देसाई, बी. जी. विल्टशायर आणि लेहमन यांनी १९७२ मध्ये त्याचा निबंध प्रसिद्ध केला. तीन सिंधी कुटुंबांमध्ये हा प्रकार बीटा थॅलेसेमियाच्या जोडीने आढळला होता. अल्फा साखळीतील चौसष्टाव्या स्थानी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी हिस्टिडिन आलेले होते. हे स्थान रेणूच्या पृष्ठभागावर असल्याने रेणूच्या कामात त्यामुळे बाधा येत नाही. या कुटुंबांतील रक्तक्षयाचे कारण 'क्यू इंडिया' नव्हते, तर त्याच्या सोबतीचा थॅलेसेमिया होता.

हा निष्कर्ष वरवर किरकोळ वाटेल, पण रुग्णाच्या दृष्टीने तो फार मोलाचा होता. अहवालात एक अनोळखी हिमोग्लोबिन दिसले म्हणून त्यालाच दोष देऊन डॉक्टर थांबले असते तर खरा आजार नजरेआड झाला असता. कोणता बदल घातक आणि कोणता निरुपद्रवी, हे ओळखण्यासाठी रेणूचा नकाशा हवा होता. तो पेरुत्झ यांच्याकडे होता. बिघाडांची यादी लेहमन यांच्याकडे होती. दोघांनी मिळून १९६८ मध्ये 'नेचर'मध्ये एक निबंध लिहिला आणि तोवर ज्ञात असलेले बदल नकाशावर मांडून दाखविले. हीमच्या खोबणीभोवतीचे किंवा साखळ्या जेथे एकमेकींना भिडतात तेथील बदल बहुधा त्रासदायक ठरतात, तर पृष्ठभागावरील बदल सहसा खपून जातात, असे त्यातून स्पष्ट झाले.

मग सिकलसेलचे काय? तो बदलही पृष्ठभागावरचाच आहे. तरी तो एवढा घातक का? याचे उत्तर असे की व्हॅलिन हे पाण्यापासून दूर राहू पाहणारे अमिनो आम्ल आहे. रेणूने प्राणवायू सोडला की शेजारच्या रेणूवर एक लहानशी खाच उघडी पडते आणि हे व्हॅलिन नेमके तिच्यात जाऊन बसते. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू अडकत जाऊन लांब दोरखंड तयार होतात. ते पेशीला आतून ताणून वाकडी आणि ताठर करतात. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तेथील रक्तपुरवठा तुटतो आणि असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेल रुग्णाची पेशी अवघे दहा ते वीस दिवस. त्यामुळे रक्तक्षय कायमचा मागे लागतो.

चुकलेले अनुमान

लेहमन यांचे सारेच अंदाज बरोबर ठरले असे नाही. सिकलसेलचा जनुक अरबस्तानात उगम पावून तेथून आफ्रिकेत आणि भारतात पसरला असावा, असे अनुमान त्यांनी १९५४ मध्ये मांडले होते. १९८० च्या दशकात जनुकाच्या आजूबाजूच्या डीएनएची तपासणी शक्य झाली, तेव्हा चित्र बदलले. भारतातील आणि अरबस्तानाच्या पूर्व भागातील सिकलसेल जनुकाची पार्श्वभूमी एकसारखी निघाली. आफ्रिकेतील मात्र वेगळी होती. भारत आणि अरबस्तान यांचे नाते त्यांनी ओळखले होते, पण आफ्रिकेचा धागा त्यांनी जोडला तसा नव्हता. हा बदल एकदाच घडला की निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे घडला, यावर आजही संशोधकांत चर्चा सुरू आहे.

या पार्श्वभूमीला व्यावहारिक महत्त्वही आहे. भारतीय प्रकारात गर्भातील हिमोग्लोबिन 'एफ' जन्मानंतरही बऱ्याच प्रमाणात टिकून राहते आणि ते दोरखंड तयार होण्यास अडथळा आणते. त्यामुळे आपल्याकडील पुष्कळ रुग्णांत आजार आफ्रिकेच्या मानाने सौम्य असतो. सर्वांच्याच बाबतीत मात्र तसे होत नाही. विदर्भातील अनेक रुग्णांना तीव्र स्वरूपाचा त्रास होतो. हायड्रॉक्सीयुरिया हे आज सर्रास दिले जाणारे औषध 'एफ'चे प्रमाण वाढवूनच गुण देते.

दोष इतका घातक असताना तो टिकला कसा, याचेही उत्तर १९५४ मध्ये ॲन्थनी ॲलिसन यांनी दिले होते. सिकलसेलच्या वाहकांना हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून संरक्षण मिळते. हिवतापाच्या जंगलपट्ट्यात वाहक तगले आणि जनुकही तगला. महाराष्ट्रात सातपुडा आणि गोंडवनातील जमातींमध्ये त्याचे प्रमाण जास्त, तर सह्याद्रीच्या पट्ट्यात तुलनेने कमी आढळते. आदिवासी भागांतील या पाहणीसाठी आणि रुग्णसेवेसाठी पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी अनेक दशके काम केले. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे

एवढ्या संशोधनाचे सार सामान्य माणसासाठी एका वाक्यात सांगता येते. वाहक हा रुग्ण नसतो, पण दोन वाहकांचे मूल रुग्ण असू शकते.

बीटा साखळीचा जनुक प्रत्येकाकडे दोन प्रतींत असतो. एक आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. एकाच प्रतीत दोष असेल तर ती व्यक्ती वाहक. विदर्भात अशा अहवालाला 'एएस पॅटर्न' म्हणतात. वाहक सर्वसामान्य आयुष्य जगतो. दोन्ही प्रतींत दोष असेल तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णतः निर्दोष असण्याची २५ टक्के असते. 'पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तिन्ही चांगली होतील' असा हिशेब काही घरांत केला जातो. तो चुकीचा आहे. प्रत्येक वेळी नशिबाचा फासा नव्याने पडतो.

थॅलेसेमियाचेही गणित हेच आहे. त्यात बीटा साखळी बदलत नाही, ती पुरेशी तयारच होत नाही. गंभीर स्वरूपाच्या थॅलेसेमियाच्या मुलाला जन्मापासूनच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच रक्त द्यावे लागते आणि मग दर काही आठवड्यांनी ते देत राहावे लागते. रक्तासोबत शरीरात साचणारे लोह काढण्यासाठी औषधे वेगळी. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी आदी समाजांत त्याचे वाहक तुलनेने अधिक असले तरी तो अन्य कोणत्याही समाजात आढळू शकतो. सिकलसेलचा एक आणि थॅलेसेमियाचा एक असे दोन वाहक एकत्र आले तरी मूल आजारी होऊ शकते. मुंबईतील त्या तीन सिंधी कुटुंबांत दोन दोष एकत्र आले होते, ते अशाच जोडण्यांचे एक निरुपद्रवी उदाहरण म्हणता येईल. सगळ्याच जोड्या तेवढ्या निरुपद्रवी नसतात.

पनवेलला याचे काय?

हा प्रश्न नंदुरबार-गडचिरोलीचा, आपला नव्हे, असे पनवेलकरांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पनवेल आता पूर्वीचे राहिलेले नाही. कळंबोली, कामोठे, खारघर, नवीन पनवेल या वसाहतींत विदर्भ, खानदेश, मराठवाडा, गुजरात, ओडिशा, छत्तीसगड अशा सर्व भागांतून आलेली कुटुंबे राहतात. तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात कातकरी आणि ठाकूर समाजाच्या वाड्या आहेत. संघवी यांनी सत्तर वर्षांपूर्वी अभ्यासलेली विवाहाची बंद वर्तुळे येथे हळूहळू मोकळी होत आहेत. ती मोकळी होणे चांगलेच, कारण दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता त्यामुळे एकूणात कमी होते. मात्र 'आमच्या समाजात हा आजार नाही' या भरवशावर आता कोणालाही निर्धास्त राहता येणार नाही.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. आदिवासीबहुल भागांतील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. उपचारांच्या क्षेत्रातही मोठी झेप घेतली गेली आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनावर आधारित पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली. हा उपचार बीटा साखळीतील दोष दुरुस्त करीत नाही, तर बंद पडलेले 'एफ' पुन्हा सुरू करतो. त्याचा खर्च मात्र सामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे. बोन मॅरो प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो, पण त्यासाठी जुळणारा दाता मिळावा लागतो. म्हणून बहुसंख्य कुटुंबांसाठी आजही सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे वेळेवर केलेली तपासणी हाच आहे.

या तपासणीच्या वाटेतील मोठा अडथळा शास्त्राचा नसून समाजाचा आहे. 'वाहक' हा शब्द अहवालात दिसला की मुलीचे लग्न मोडेल, या भीतीने कुटुंबे तो लपवितात. तपासणी टाळण्यामागेही पुष्कळदा हेच कारण असते. मुलगा वाहक असला तर मात्र त्याची चर्चाही होत नाही. वास्तविक दोष दोघांकडूनही सारख्याच प्रमाणात येतो. वाहक व्यक्तीने विवाह करू नये, असे शास्त्र कोठेही सांगत नाही. जोडीदाराची तपासणी आधी करून घ्यावी, एवढेच ते सांगते. दोघेही वाहक असले तरी गर्भारपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करण्याची सोय उपलब्ध आहे. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेने या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले आहे.

वाचकांनी लक्षात ठेवावे असे

* हिमोग्लोबिन कमी असून लोहाच्या गोळ्यांनी वाढत नसेल, तर डॉक्टरांना हिमोग्लोबिनच्या प्रकाराच्या तपासणीविषयी विचारावे. ही तपासणी आता 'एचपीएलसी' यंत्रावर होते.

* रक्ताच्या अहवालात तांबड्या पेशींचा आकार लहान, पण त्यांची संख्या मात्र भरपूर असेल, तर ती व्यक्ती थॅलेसेमियाची वाहक असण्याची शक्यता असते. अशा व्यक्तीत 'ए-टू' या हिमोग्लोबिनचे प्रमाण बहुधा ३.५ टक्क्यांहून अधिक असते.

* लोहाची कमतरता सिद्ध झाल्याखेरीज वाहकांनी वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत.

* मधुमेहासाठी केली जाणारी 'एचबीए-वन-सी' चाचणीही हिमोग्लोबिनवरच आधारलेली असते. हिमोग्लोबिनचा प्रकार असामान्य असेल तर चाचणीच्या पद्धतीनुसार तिचा आकडा चुकू शकतो. साखरेचे नेहमीचे आकडे आणि हा आकडा जुळत नसेल तर डॉक्टरांच्या लक्षात आणून द्यावे.

* ही तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. विवाहापूर्वी ती करणे सर्वांत उत्तम. ते राहून गेले असेल तर गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत अवश्य करावी.

लेहमन, संघवी, सुकुमारन यांची नावे आज रक्ताच्या कोणत्याही अहवालावर नसतात. विद्युतप्रवाहाने ओल्या कागदावर सरकणारे ते तांबडे पट्टे आता संगणकाच्या पडद्यावर आलेखाच्या उंचवट्यांत दिसतात. एखादा उंचवटा नेहमीच्या जागी नसला की यंत्र तो दाखवून देते, आणि तो कोणत्या हिमोग्लोबिनचा असू शकतो हे तंत्रज्ञाला सांगता येते, कारण कोणी तरी पूर्वी तो ओळखून त्याची नोंद करून ठेवलेली असते. खारघरच्या त्या आवारावरून जाताना एवढे स्मरण राहिले आणि घरात लग्नाचे वय झालेल्या मुलामुलींची तपासणी करून घेण्याचे मनावर घेतले, तर परळच्या त्या छोट्या विभागाचे काम आपल्या घरापर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.